पायाळूची वाटी

रूपराव जमादार पायाळू होता. आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आलेला. आपल्याकडं पायाळू माणसाचा मान मोठा. विहिरीची जागा दाखवायला त्याला बोलावतात, आणि कंबरेत उसण भरली तर पाठीवर हलकी लाथ मारून घ्यायलाही लोक त्याच्याच दारात जातात. लाथ मारायची रूपरावला सवय होतीच, पण त्याला खरा फायदा झाला तो काशाच्या वाटीचा. चोर पकडायची वाटी चालवायची, तर तिच्यावर पायाळूचाच हात लागतो.

मांडवखेडीच्या पोलीस चौकीवर बदली होऊन आल्यापासून त्यानं तपासाचं काम फार सोपं करून टाकलं होतं. आंजीच्या पुढचं, धाम नदीच्या काठचं हे गाव. चोरी झाली की डोमाजी भगताला हाक मारायची. म्हातारा मंतरलेले उडदाचे दाणे टाकून वाटी जमिनीवर ठेवायचा. रूपराव तिच्या काठावर तळहात टेकवायचा आणि वाटी खरखरत निघायची. ज्याच्या दारात थांबली, तो चोर. गाव मान डोलवायचं. वाटी कोण चालवतं हे रूपरावला चांगलं ठाऊक होतं. मनगटाला जरा हिसका दिला की काम भागायचं. वेड्यांचा बाजार, दुसरं काय!

सत्तावन सालच्या मे महिन्यात बाबाराव पाटलांच्या घरातून चांदीचे तोडे गेले. पाटलाचा संशय ठरलेला होता. कवडू त्यांच्या गोठ्यात राबायचा. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन, बुद्धाची दीक्षा घेऊन आला, आणि मेलेलं ढोर ओढायला त्यानं साफ नकार दिला. त्याचं पाहून सगळ्या वस्तीनंच ते काम सोडलं. पाटलाचा एक बैल गोठ्यातच कुजला. ती घाण अजून पाटलाच्या नाकातून गेली नव्हती.

"वाटी कवडूच्याच दारात जाईन ना, जमादारसाहेब?" पाटलानं विचारलं.

"काऊन नाई जाईन?" रूपराव हसला.

आणि गेली. सारं गाव मागं, पुढं वाकून चालणारा रूपराव आणि त्याच्या हाताखाली वाटी. कवडू दारात हाताची घडी घालून उभा होता. बायको पंचफुला त्याच्या मागं. वाटी त्याच्या पायाशी थांबली तरी गडी हलला नाही.

"जमादारसाहेब," तो म्हणाला, "तुमचा हात चालते. वाटी नाई चालत."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. ते हसू कवडूच्या जिवावर उठलं. रूपरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खाकी अंगावर चढवल्यापासून त्याला असं कोणी हसलं नव्हतं.

"वाटी खोटं बोलत नाई!" तो ओरडला. "ऐकून ठेवा सगळेजण! एखाद्या वेळी मी खोटं बोलीन, वाटी नाई बोलत!"

कवडूला चौकीत नेलं. चौकी म्हणजे कौलारू छपराची एक मातीची खोली, पुढं ओटा, ओट्यापुढं कडुलिंबाचं झाड. आतल्या सागवानी खांबाच्या बुडाशी त्याला आडवा करून, हात मागं करून बांधला. रूपरावनं पट्ट्यानं विचारलं, लाठीनं विचारलं. कवडूचं एकच, "मी चोर नाई." दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की कौलं तडकायला लागली. कवडूनं पाणी मागितलं.

तेव्हा रूपरावला ती कल्पना सुचली, आणि सुचली तेव्हा त्याला मनापासून गंमत वाटली. मुद्देमाल म्हणून आणलेली काशाची वाटी त्यानं घेतली, सुरईतून अर्धी भरली आणि कवडूच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवली. कवडूनं मान ताणली. ओठ पोचेनात.

"आता बोलव तिले," रूपराव उकिडवा बसून म्हणाला. "चोराकडं वाटी आपसूक येते म्हणतात. तू चोर असशील तर येईन तुह्याकडं. मग पी पोटभर. पण ध्यानात ठेव, या पाण्याले तोंड लावलं की गुन्हा कबूल. अन् चोर नसशील, तर राह्य तसाच पडून."

कवडूनं डोळे मिटून घेतले.

भर दुपारी बाबाराव पाटील धोतराच्या सोग्यानं मान पुसत आले. चेहरा उतरलेला. "जमादारसाहेब, तोडे सापडले. सरकीच्या पोत्यात पडले होते. बायकोनंच ठेवले अन् इसरली."

रूपरावनं आवाज खाली आणला. "कोणाले सांगतलं?"

"अजून नाई."

"मग सांगूही नका. भर गावात म्हणलो मी, वाटी खोटं बोलत नाई. आता काय म्हणू, चुकली? हे लोक उद्या माह्या तोंडावर हसतीन! दिवस बुडेपर्यंत तो कबूल होते. मग तोडे कुठंही सापडू द्या."

पाटलांनी खोलीच्या बंद दाराकडं एकदा पाहिलं आणि ते निघून गेले. रूपरावनं कुलूप तपासलं, किल्ली खिशात टाकली, शिपाई नत्थूला लिंबाखाली बसवलं आणि तो शेजारच्याच आपल्या घरी जेवायला गेला. अन्नपूर्णानं पन्हं केलं होतं. दोन पेले पिऊन त्यानं ताणून दिली.

उन्हं कलल्यावर त्यानं कुलूप काढलं. कवडू मेलेला होता. त्याचं रूपरावला फारसं काही वाटलं नाही. उन्हाळ्यात माणसं मरतात. तो वाटीकडं पाहत राहिला.

वाटी कवडूच्या गालाला टेकलेली होती. काठोकाठ भरलेली. कवडूचे ओठ कोरडे ठक्क, फुटलेले, घट्ट मिटलेले. जमिनीवरच्या धुळीत वाटीच्या पहिल्या जागेपासून त्याच्या गालापर्यंत एक सरळ रेघ ओढली गेली होती. तिच्या आजूबाजूला कोणाचं पाऊल नव्हतं.

"नत्थू, तू आत गेलतास?"

"किल्ली तर तुमच्यापाशी होती, साहेब."

कवडूचे हात अजून मागंच बांधलेले होते. त्यानंच पायानं काहीतरी केलं असेल, रूपरावनं स्वतःला सांगितलं. अर्धी वाटी भरली कशी, एवढं मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही. बुटानं ती रेघ पुसली. पाणी ओतून टाकताना बोटांवर आलं, ते हिवाळ्यातल्या विहिरीसारखं गार होतं.

अंधार पडल्यावर त्यानं आणि नत्थूनं कवडूला बैलबंडीत घातलं, वर कडबा टाकला आणि गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात, बाभळींच्या बेटाखाली रेतीत पुरलं. नत्थू थरथर कापत होता. "तोंड उघडलंस तर तुलेही इथंच निजवीन," एवढं सांगितल्यावर तो कापायचा थांबला.

गावाला सांगितलं, पुरावा नव्हता, सोडून दिलं. पुलगावच्या वाटेनं गेला. गिरणीत लागला असेल.

पंचफुला सकाळ-संध्याकाळ यायची. आरडाओरडा नाही, छाती बडवणं नाही. लिंबाखाली बसायची. "सोडलं, तर घरी काऊन नाई आला?" एवढंच विचारायची. रूपराव तिला हाकलायचा, एकदा लाठीही उगारली. पायी चालत ती ठाणेदारांकडं गेली. तिथं तिला म्हणाले, नवरा दुसऱ्या बाईकडं गेला असेल. पोलीस खरं सांगतात असं मानणारं माणूस आता गावात उरलं नव्हतं, पण तसं म्हणायची छाती कोणाची नव्हती.

मग बाजाराच्या दिवशी, ऐन सकाळी, गाव गोळा झालं असताना ती डोमाजी भगताला घेऊन चौकीसमोर आली. भगतानं चौकीतून आपली वाटी मागून नेली होती. ती पंचफुलानं पदराखाली धरलेली.

"माहा भगतावर इस्वास नाई," पंचफुला सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आम्ही ते सारं सोडलं. पण जमादारसाहेबाचा वाटीवर इस्वास हाय. तेच म्हणले, वाटी खोटं बोलत नाई. तर त्याच वाटीनं, त्याच हातानं माहा माणूस दाखवा. जिता असो का मेलेला."

आता काय करणार? नाही म्हणावं, तर भर बाजारात स्वतःचं थुंकलेलं गिळायचं. आणि भ्यायचं कशाला? हात तर आपलाच. वाटी पुलगावच्या वाटेला लावायची आणि शिवेवर सोडून द्यायची! रूपराव मिशीला पीळ देत ओट्यावरून उतरला.

डोमाजीनं दाणे टाकले. ते टाकताना म्हाताऱ्याची नजर रूपरावच्या तोंडावर होती. रूपरावनं तळहात टेकवला आणि मनगट पुलगावच्या दिशेनं फिरवलं.

वाटी उलटी फिरली.

त्यानं जोर लावला. दंडाच्या शिरा तटतटल्या. वाटी खरखरत निघाली, बाजारातल्या पालांमधून, वस्तीवरून. हात काढायला गेला, तर हात निघेना. तळहाताला काही चिकटलं नव्हतं, निघत नव्हता एवढंच. मागं सारं गाव. वाटेत तळहाताला खालून गारवा लागायला लागला. वाटीत पाणी चढत होतं.

ती नाल्यात उतरली. बाभळींच्या बेटाखाली थांबली. तेव्हा कुठं हात सुटला.

पंचफुलानं हातांनी रेती उकरली. कोणी मदतीला गेलं, तर तिनं मागं सारलं. आधी दोर दिसला, मग मनगटं. गर्दीतून बायांचा हंबरडा उठला.

"मी सोडलं होतं," रूपराव म्हणाला. "नंतर मारलं असेल कोणीतरी."

पंचफुलानं कवडूच्या तोंडावरची रेती पदरानं पुसली. फुटलेल्या ओठांवरून बोट फिरवलं. मग रूपरावकडं पाहिलं.

"त्याले पाणी देल्लं होतं का?"

सगळं गाव कान देऊन उभं होतं. नत्थू मान खाली घालून होता.

"देल्लं ना," रूपराव म्हणाला. "पोटभर देल्लं."

ती पुन्हा कवडूच्या अंगावरची रेती पुसायला लागली.

ठाणेदार आले. ऊन लागून मृत्यू, असं ठरलं. पंचांनी अंगठे दिले. रूपरावची बदली होणार, एवढंच कळलं. खात्यानं आपला माणूस सांभाळला. डोमाजीनं ती वाटी नेऊन धामच्या डोहात फेकली आणि पुन्हा कधी दाणे मारणार नाही अशी शपथ घेतली.

त्याच संध्याकाळी रूपरावनं घरी तांब्याकडं हात नेला, तर बोटं वीतभर अलीकडंच मिटली. त्याला वाटलं अंदाज चुकला. पुन्हा हात लांबवला. तांब्या पुन्हा वीतभर लांब.

"अन्नपूर्णा, तांब्या काऊन सरकवून राह्यली?"

"मी तर चुलीपाशी हावो," ती म्हणाली.

ती पेला घेऊन आली. ओठांशी नेला, तर पेला अडला. ती ढकलत होती, रूपराव मान ताणत होता. मधली वीत मिटेना. चमच्यानं पाजायला गेली, तर पाणी ओठांच्या आधीच खाली सांडायचं. ओलं फडकं कपाळावर ठेवलं, तर लागायच्या आत वाळायचं. वर्ध्याहून डॉक्टर आले, कुत्रं चावलं होतं का म्हणाले. अंगावर दात उमटल्याची खूण नव्हती. डॉक्टरांनी बाटलीभर औषध दिलं. तेही वीतभर लांबच राहिलं.

जीभ टाळूला चिकटली. डोळे खोल गेले. खाटेवर उकडतं म्हणून अन्नपूर्णानं त्याला खाली चटईवर घेतलं. बाहेर लिंबाखाली पंचफुला येऊन बसलेली होती, आणि तिच्या मागं हळूहळू सारं गाव. बाबाराव पाटीलही एका कडेला. घरातून कोणी बाहेर आलं की पंचफुला एवढंच विचारायची, "पाणी पेले का?"

तिसऱ्या दुपारी अन्नपूर्णानं गारव्यासाठी चटईभोवतीची जमीन शेणानं सारवली आणि ती परसात हात धुवायला गेली. परत आली ती दारातच थांबली.

रूपरावच्या गालाशी काशाची वाटी होती. काठोकाठ भरलेली, तळाशी डोहाची बारीक वाळू. ओल्या सारवणात उंबऱ्यापासून चटईपर्यंत एक सरळ रेघ उमटलेली होती. बाजूला पाऊल नव्हतं.

रूपरावनंही ती पाहिली. गालाला तिचा गारवा लागत होता. हे पाणी लांब जात नव्हतं. त्याचे फुटलेले ओठ आपोआप पुढं झाले आणि तिथंच थांबले. उकिडवं बसून, हसत आपण काय म्हणालो होतो ते त्याला शब्दाशब्दानं आठवलं: या पाण्याले तोंड लावलं की गुन्हा कबूल.

"अहो, पाणी हाय!" अन्नपूर्णा रडत गुडघ्यांवर आली. "प्या ना! देवानंच धाडलं. प्या ना हो!"

रडणं ऐकून गाव दारापर्यंत आलं होतं. उंबऱ्याबाहेर सगळ्यांच्या पुढं पंचफुला उभी होती. तिच्या खांद्यावरून नत्थू वाकून बघत होता. त्याची नजर वाटीवर पडली आणि तो भिंतीला धरून खाली बसला.

रूपरावनं दारातल्या तोंडांकडं पाहिलं. कोणी हसत नव्हतं. त्यानं दात घट्ट आवळले.

"पाणी पेले का, बाई?" पंचफुलानं विचारलं.

अन्नपूर्णा वाटीकडं बघत होती. कोणाचाही हात नसताना वाटी जराशी पुढं सरकली आणि तिचा काठ रूपरावच्या मिटलेल्या ओठांना येऊन लागला.