अजून एक यायचाय

मेल्यावर माणसाचं काय होतं, या प्रश्नापुढे थोर थोर तत्त्ववेत्त्यांनी हात टेकले. त्याचं अंतिम उत्तर मी आज जगापुढे ठेवतो आहे.

मेलेल्या माणसाला चढावर धाप लागत नाही.

बस्स. याहून जास्त मलाही माहीत नाही. पण जेवढं माहीत आहे ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. तीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहून मी पोट भरलं, म्हणजे थापा मारायची सवय आहेच. तरीही यातलं एक अक्षर बनवलेलं नाही.

भुताच्या गोष्टीला अमावास्येची रात्र लागते. ती माझ्याकडे नाही, माफ करा. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ठिकाण, घाटमाथ्याच्या अलीकडचं शेवटचं वळण.

सायकलशर्यतीचा डोंगरातला टप्पा बघायला आम्ही नवरा-बायको एकतीस वर्षं त्याच वळणावर उभे राहत आलो. मी पहिल्या येणाऱ्यासाठी. ती शेवटच्यासाठी.

"पहिल्याला टाळ्या वाजवायला अख्खं जग आहे," ती म्हणायची. "शेवटच्याला कोण?"

तिच्या हातात नेहमी एक वर्तमानपत्र असे. घाट चढताना खेळाडू घामानं निथळतो, आणि माथा ओलांडला की सुसाट उतार, अंगावर बर्फासारखा वारा. म्हणून माथ्यापाशी प्रेक्षक वर्तमानपत्र धरून उभे राहतात. खेळाडू ते जाता जाता ओढून घेतो आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवतो. कागद वारा अडवतो. जुनी रीत आहे.

बायको बरोबर सहावं पान वर येईल अशी घडी घालायची. सहाव्या पानावर माझं सदर असायचं.

"तुमचं लिखाण छातीशी धरणारी एवढीच माणसं आहेत जगात. तीही थंडी वाजते म्हणून."

शेवटचा आला की ती कागद त्याच्या हातात द्यायची, पाठीवर हात ठेवायची आणि त्याला ढकलत वीस-तीस पावलं पळायची. "चल रे बाळा, संपलाच घाट!" तिच्या डाव्या बुटाचा तळ सुटला होता. पळताना आवाज यायचा. फट्... फट्... फट्. मोच्याकडे टाकतो, असं मी दोन वर्षं सांगत होतो.

खेळाडूला ढकलणं नियमात बसत नाही. आमच्यापासून थोडं वर शर्यतीचा शिट्टीवाला उभा असे. एरवी तो नळ दुरुस्त करतो, त्या एका दिवसापुरता अधिकारी. ती पळायला लागली की तो दरीकडे तोंड करून निसर्ग बघायचा. दरवर्षी.

गेल्या वर्षी पाऊस होता. कडाक्याची थंडी. आणि मला घाई होती.

"अहो, अजून एक यायचाय," ती म्हणाली.

"अगं, तो अकरा मिनिटं मागे आहे. आत्ता निघालो तर गाडी रांगेत पहिली लागेल. पुढच्या वर्षी दे त्याला दोन कागद."

पायवाटेनं खाली उतरत होतो तेव्हा वरून टाळ्या ऐकू आल्या. अगदी थोड्या. ती थांबली. वळून वर बघितलं.

मग कागद तसाच हातात धरून माझ्यामागे उतरली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. शेवटचा खेळाडू उतारावरच्या सातव्या वळणावर कठड्यावरून दरीत पडून गेला. थंडीनं इतका कुडकुडत होता की हँडल सावरलं नाही, असं संघाच्या डॉक्टरनं सांगितलं. चोवीस वर्षांचा होता.

"एका कागदानं काय होणार होतं?" मी तिला पुन्हा पुन्हा समजावलं. ती मान डोलवायची. हिवाळ्यात ती दवाखान्यात होती, तेव्हा एकदाच म्हणाली, "तो कागद माझ्या मांडीवरच राहिला हो."

त्या आठवड्यातच ती गेली.

या वर्षी मी एकटा गेलो. वर्तमानपत्र घेतलं. चहाचा थर्मासही घेतला, पण त्याचं झाकण सापडेना. शेवटी कागदाचा बोळा कोंबला.

"काका, काकू कुठायत?" शिट्टीवाल्यानं विचारलं.

सांगायला तोंड उघडलं... आणि भलतंच बाहेर पडलं.

"खाली गाडीत बसलीय. गुडघे दुखतायत."

पहिला गेला. घोळका गेला. मग एकटे-दुकटे. माझ्या हातातला कागद मी कुणालाच दिला नाही. शेवटचा आला तेव्हा पुढे केला, तर तो हसून म्हणाला, "आहे माझ्याकडे, आजोबा." त्याच्यामागे झाडूगाडी गेली. दमून सायकल सोडून दिलेल्यांना उचलणारी ती गाडी. ती गेली की संपलं.

लोक पांगले. धुकं उतरलं.

मी थांबलो. एवढं तरी करावं म्हटलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

आणि खालून आवाज आला...

टिक्... टिक्... टिक्...

साखळीचा. कोरड्या, संथ साखळीचा.

सायकल धुक्यातून बाहेर आली. खेळाडू मान खाली घालून होता. जर्सी गेल्या वर्षीची. त्या संघानं यंदा रंग बदललाय, हे आम्हा शौकिनांना पाठ असतं.

जर्सी भिजून अंगाला चिकटली होती.

त्या दिवशी पावसाचा थेंबही नव्हता.

आणि अठरा किलोमीटरचा घाट चढून आलेल्या त्या पोराच्या छातीतून... श्वासाचा आवाजच येत नव्हता.

मी कागद पुढे केला. त्यानं तो घेतला आणि छातीवर सरकवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

तो पुढे गेला. आणि त्याच्या मागून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून...

फट्... फट्... फट्.

दिसलं काहीच नाही. नुसता आवाज. डाव्या पायाचा. माझ्यासमोरून गेला आणि चढावर धुक्यात विरला.

"अगं," मी म्हणालो. तीस वर्षं लोकांना हसवेल असं लिहायचा धंदा केला, आणि त्या वेळी एवढंच सुचलं. "अगं."

आवाज थांबला नाही.

मी धापा टाकत वर गेलो. शिट्टीवाला सामान आवरत होता. माझ्यावरच चिडला.

"काय काका! गुडघे दुखतायत म्हणालात ना? मग त्यांना कशाला पळायला लावलंत?"

"तू... बघितलंस तिला?"

"आत्ता गेल्या की इथून. मी नेहमीसारखं तोंड फिरवणारच होतो. पण काकू ढकलत कुणाला होत्या? पुढे कुणीच नव्हतं. नुसते हात पुढे करून पळत होत्या."

"कुठे गेली?"

त्यानं माथ्याच्या पलीकडे बोट दाखवलं. उताराकडे.

"थांबली नाही?"

"नाही. मी हाक मारली, तर हसल्या फक्त."

त्याला ती दिसली, मला तो. असं का, ते मला विचारू नका. मी मात्र तिच्या वाटेतच उभा होतो आणि ती थांबली नाही. बरोबरच आहे. तिचं एक काम राहिलं होतं. ते मी राहू दिलं नव्हतं... म्हणजे करू दिलं नव्हतं. बघा, अजून वाक्य धड जुळत नाही.

तिचे बूट घरी दाराआड आहेत. तळ ओला आहे का, ते मी अजून बघितलेलं नाही. बघणारही नाही.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी त्या घाटात गेलात तर शेवटच्यासाठी थांबा. कागद न्या. गुळगुळीत रंगीत पुरवणी नको, ती निसटते.

आणि ती तुम्हाला दिसलीच, तर तिला अडवू नका. पळता पळता एवढंच विचारा, थर्मासचं झाकण कुठे ठेवलंय?