मंगळवारचा भाव

यादीतलं दुकान बंद पडलं, तर त्याच रस्त्यावरचं पुढचं दुकान घ्यायचं, असा भाव नोंदवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम होता. म्हणून ग्रिसेल त्या मंगळवारी नाउएलच्या मांसाच्या दुकानात शिरली. बाहेर पातागोनियाचा वारा असा सुटला होता, की दार तिच्यामागे धाडकन आपटलं. काउंटरमागचा तरुण हातात सुरी धरून तसाच थांबला.

"दार मोडलंत, तर त्याचाही भाव लागेल हं."

"मी घ्यायला नाही, विचारायला आलेय." तिनं गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. "महागाईच्या मोजणीसाठी. गाईच्या मांसाचे सहा प्रकार, दर मंगळवारी."

"म्हणजे महागाई किती, ते तुम्ही ठरवता?"

"तुम्ही ठरवता. मी फक्त लिहून घेते."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा किंचित मिटत होता... तिनं हे टिपलं आणि स्वतःवरच चिडली. टिपायचे प्रकार सहाच होते.

पुढच्या मंगळवारी तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तीही.

"आली आमची मोजणीबाई!"

"बाजूला हो, भावाचा फळा दिसू दे."

"फळाच बघायला येतेस, की—"

"फळाच."

पण कुठल्याही दुकानाचा फळा वाचताना तिला धसका बसायचा. रोका गावात सगळ्यांनाच बसायचा. इथं लोक मंत्र्यांच्या भाषणावर नाही, बरगड्यांच्या भावावर दिवस बरे की वाईट ते ठरवत. तिच्या वडिलांची पेन्शनही याच आकड्यांवरून वाढे. बाकीच्या अकरा दुकानांत आकडा दर आठवड्याला चढत होता. नाउएलकडे मात्र बरगड्या किलोला आठ हजार नऊशे पेसोंवरच थांबलेल्या. पहिल्या दिवसापासून... ओळीनं पाच मंगळवार. तिथं तिला मोकळा श्वास घेता यायचा. का, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

विचारलं ते एल्बाबाईंनी, तिच्या वरिष्ठांनी.

"अकरा दुकानं वर जातात आणि एक जागचं हलत नाही? ग्रिसेल, घरी बसून आकडे भरतेस का?"

"नाही हो, बाई!"

"मग शुक्रवारपर्यंत लेखी कारण दे. नाहीतर तुझा करार मी पुढे वाढवू शकत नाही."

दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. दुकानात दारापर्यंत रांग. रांगेच्या शेवटी चोलाबाई, निवृत्त शिक्षिका, पिशवी सावरत उभ्या होत्या.

"आज एवढी गर्दी कशी?" ग्रिसेलनं विचारलं.

"मंगळवार ना, पोरी! उद्या याच बरगड्या नऊ हजार सातशे. तू येतेस त्या दिवशी हा खुळा भाव उतरवतो. अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे... तुलाच नाही?"

ग्रिसेलचे कान तापले. मग तिला शुक्रवारचं लेखी कारण आठवलं. दुकान रिकामं होईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"काल भाव काय होता, नाउएल?"

तो सुरी पुसत राहिला. "...नऊ सातशे."

"का असं केलंस?"

"पहिल्या दिवशी फळा वाचताना तुझा चेहरा असा झाला— घरात कुणी आजारी असावं तसा. मग मंगळवारी भाव वाढवायला हातच होईना. एक दिवस तोटा झाला, तर झाला."

"अरे, भाव कमी दिसला तर पेन्शनची वाढ कमी होते! माझ्या बाबांची, चोलाबाईंची... कळतंय का तुला?"

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटलं ना बरं! तेच तर..." ती अडखळली. टॅबलेट काढून तिनं मान खाली घातली. "मला शुक्रवारपर्यंत खरं कारण लिहून द्यावं लागेल, नाहीतर नोकरी जाईल. माणूस बघून दुकानदार भाव बदलत असेल, तर त्या दुकानाला दुसरा माणूस देतात."

"म्हणजे तू यायची नाहीस?"

"मंगळवारी... नाही."

तिनं टॅबलेटवर कारणाचा रकाना उघडला.

"कारण काय लिहू?" तिनं हळूच विचारलं.

"लिही... दुकानदाराचं मोजणीबाईंवर प्रेम आहे."

"हा सरकारी कागद आहे, नाउएल."

"म्हणून तर. तिथं खोटं चालत नाही ना?"

तिनं लिहिलं : 'आमच्या प्रतिनिधीला पाहून दुकानदार मंगळवारी भाव उतरवतो. कारण वैयक्तिक.' मग ते पुन्हा वाचलं. माहिती अपुरी होती. तिनं पुढे जोडलं : 'दोन्ही बाजूंनी.'

काउंटरवरून वाकून त्यानं ते उलट्या बाजूनं वाचलं, मग मान वाकडी करून पुन्हा एकदा. तो काही बोलायच्या आत, धीर सुटायच्या आत, तिनं ते पाठवूनही टाकलं.

"आणि शुक्रवारी नोकरी गेली तर?" त्यानं घाबरून विचारलं.

तिचा हिशेब मात्र पक्का होता.

"गेली, तर रोज येईन. राहिली... तर मंगळवार सोडून रोज."