दुसऱ्या रिमोटचं बटण

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. उलट सव्वीस वर्षं जे गाळत आलो, तेच आज लिहितोय.

मी जिनेंद्र. मिरजेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आवड म्हणून जुन्या व्हिडिओ गेमवर एका पेजसाठी लिहितो.

गेल्या वर्षी, क्षमावाणीचा दिवस. रात्र-बित्र काही नव्हती. दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन.

पर्युषण संपलं की आम्हा जैनांमध्ये घरोघरी जाऊन वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. आपण हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरचाही तेच म्हणतो. मला एका घरी जायचं होतं. दरवर्षी जातो. पाय निघत नव्हता म्हणून दुकानात लेख लिहीत बसलो.

विषय होता बॉक्सिंगची जुनी कॅसेट.

चांगल्या बाजू भराभर लिहून झाल्या. बटणं दोनच, एक ठोसा मारायचं, एक तोंड झाकायचं. पण डोकं लय लावावं लागतं. प्रत्येक बॉक्सर ठोसा मारण्याआधी काहीतरी खूण देतो. कुणी खांदा उचलतो, कुणी पाय आपटतो. दमला की त्याचे हात खरोखर जड पडतात. आजच्या महागड्या गेममध्येही ती मजा नाही.

मग लिहिलं, 'उणिवा'.

आणि हात थांबला…

त्या गेमची मोठी उणीव म्हणजे रिंगणाचा कोपरा. गडी एकदा कोपऱ्यात सापडला की सुटायचा एकच मार्ग, तोंड झाकणं. ते बटण चाललं नाही की खेळ खलास.

हे मला कसं कळलं, ते लिहायचं टाळत आलो होतो.

१९९८, आमच्या गावी. दिवाळीची सुट्टी. गेम माझा होता, पण रंगीत टीव्ही शेजारच्या राजमतीकाकूंकडे. त्यांचा गोमटेश माझा जिवलग मित्र. दोघंही बारा वर्षांचे.

त्या आठवड्यात गेमच्या माझ्या रिमोटवरच्या, तोंड झाकायच्या बटणाखालचं रबर फाटलं. मी गुपचूप दुसऱ्या रिमोटमधलं रबर काढून माझ्यात बसवलं. रबर नसलं की बटण आत बसतं, वर येत नाही. म्हणून त्याखाली कागदाची घडी सारली. वरून सगळं ठीक दिसायला लागलं.

तो रिमोट गोमटेशला द्यायचो. मी सारखा जिंकायचो आणि मला त्याची चटक लागली होती. लाज वाटते लिहिताना.

एका दुपारी काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, एकजण जाऊन हायवेपलीकडच्या दुकानातून नारळ आणा. मी म्हटलं, हरेल त्यानं जायचं.

मी त्याच्या निळ्या बॉक्सरला डाव्या कोपऱ्यात घेतलं.

पंचानं दहा मोजले. गोमटेश हसला, आत डोकावून काकूंशी काहीतरी बोलला आणि चप्पल घालून गेला.

उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता.

यापुढचं मला लिहिता येत नाही.

काकू सगळ्यांना सांगत राहिल्या, "मीच पाठवलं माझ्या लेकराला." मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. त्यानंतर दर क्षमावाणीला त्या गोमटेशच्या फोटोसमोर हात जोडायच्या, त्याची क्षमा मागायच्या. मी बाजूला उभा राहून बघायचो. मग म्हणायचो, "उत्तम क्षमा, काकू." त्याही म्हणायच्या. मी घरी येऊन जेवायचो. इतका निर्लज्ज माणूस मी.

असो. गेल्या वर्षीचं सांगत होतो.

लेखाला फोटो हवा होता. जुना गेम कपाटातून काढला, टीव्हीला जोडला, दोन खेळाडू निवडले. माझा रिमोट हातात. दुसरा समोर सतरंजीवर. दुकानात मी एकटा.

घंटा झाली.

निळा बॉक्सर… मागे सरकला.

वाटलं, वायर सैल असेल. आमच्या धंद्यात असलं रोज बघतो. मी माझा रिमोट खाली ठेवला.

निळा सरकत सरकत डाव्या कोपऱ्यात गेला आणि थांबला.

मग आवाज आला…

टक.

सतरंजीवरून.

टक… टक…

कुणीतरी बटण दाबत होतं. सोडत होतं. पुन्हा दाबत होतं. घाईघाईनं.

रबर नसलेलं बटण असं वाजत नाही हो. मी वीस वर्षं रिमोट उघडतोय, मला कळतं.

पडद्यावर निळ्याचे हात वर जातच नव्हते. तोंड उघडं टाकून तो कोपऱ्यात उभा होता. माझा बॉक्सर लांब स्वस्थ उभा, त्यामुळे निळ्याला मारायलाही कुणी नव्हतं.

मी मेन स्विच बंद केला. पडदा काळा झाला.

टक… टक…

आणखी तीन-चारदा. मग थांबलं. पंखा बंद, बाहेर रस्त्यावरही एक गाडी नाही. इतकी शांतता मिरजेत मी कधी ऐकली नव्हती.

मी रिमोटचे स्क्रू काढले. आत कागदाची घडी होती, पिवळी पडलेली. रबर नव्हतं.

तसाच गाडी काढून गावाकडे गेलो. काकू घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, त्या साली फोटोपर्यंत उठून जाववतही नव्हतं. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. रबर, कागद, पैज, सगळं. दुकानात काय झालं तेही. शेवटी म्हणालो, "काकू, तुम्ही नाही पाठवलं त्याला. मी पाठवलं."

काकूंनी पदर सावरला.

मग म्हणाल्या, "मला ठावं हाय."

मी मान वर केली.

"जाताना गोमट्या सांगून गेला मला. म्हणला, आई, जिनूनं माझ्या रिमोटचं रबर काढलंय. त्याला बोलू नगंस, लाजंल."

म्हणजे त्याला माहीत होतं. तरी तो गेला. मग बटण मेलेलं माहीत असताना त्या दुपारी कोण इतकं जिवाच्या आकांतानं दाबत होतं, आणि कशासाठी, हे मला आजही कळलेलं नाही.

मी विचारलं, काकू, मग फोटोपुढं तुम्ही का क्षमा मागत होता?

"तुला तोंडानं क्षमा म्हणायची मी. मनातनं एकदाबी जमलं न्हाई. लेकरानं तुला माफ केलं, मला करता येईना. म्हणून त्याची माफी मागायची मी."

मी हात जोडले. "आणि आता, काकू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फुडल्या वर्सी ये," म्हणाल्या.

काकू माघात गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी नावं घेऊन घेऊन सगळ्यांना क्षमा केली, असं गोमटेशची बहीण भाग्यश्री सांगते. जवळ तीच होती. मी तिला दोनदा विचारलं.

माझं नाव घेतलं का, ते तिला आठवत नाही.