तुम्ही म्हणणारा भाऊ

"तायडे, माझ्या स्क्रूड्रायव्हरनं डब्याची झाकणं उघडू नकोस! टोक वाकतं. किती वेळा सांगू?"

आतल्या खोलीतून भावाची कुरकुर आली. ताईनं स्वयंपाकघरात चटकन स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवला. हसलीसुद्धा.

मग... हसता हसता थांबली.

कारण भाऊ तिच्या समोरच बसला होता. तोंड मिटून.

म्हणाल, बाईला भास झाला. म्हणा. पण या ताईच्या, माझ्या मावसबहिणीच्या घरात, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात हे घडलंय. लिहिताना मीच दोनदा माझ्या घरातल्या आतल्या खोलीकडे वळून बघितलं.

भाऊ वायरमन. चार महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला. दोन्ही मांड्यांची हाडं मोडली. पहिल्या दिवशी थट्टा चालूच.

"तायडे, पाय मोडलेत, तोंड नाही. रडू नकोस, ध्यान दिसतेस."

दुसऱ्या दिवशी धाप लागली. छातीवर बारीक लाल ठिपके उठले. भलतंच बडबडायला लागला...

आणि गप्प झाला.

डॉक्टर म्हणाले, मोडक्या हाडातली चरबी रक्तात मिसळून मेंदूपर्यंत गेली. बरेच जण यातून सावरतात.

शुद्ध आली. हाडं जुळली. वॉकर धरून घरी आला. दारातच ताईला म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता?"

तुम्ही!

जन्मात तिला 'तू'च्या वर चढवलं नव्हतं त्यानं.

आई म्हणायची, "होईल हळूहळू." शेजारी म्हणायचे, "जीव वाचला ना!" ताई मान डोलवायची आणि उगाच ओटा पुसायला घ्यायची.

"तायडे..." आतून पुन्हा. "बहिरी झालीस का गं?"

ती धावली.

खोली रिकामी. चादर ताणलेली. खिडकी बंद.

फक्त तापलेल्या वायरीचा वास... त्याच्या कामाच्या शर्टाला यायचा, तस्सा. तो शर्ट तर दवाखान्यातच कापून टाकला होता.

ती डोळे पुसत परत आली. "काही नाही. वारा असेल."

भावानं मान हलवली. परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाला,

"वारा नाही हो. रोज हाक मारतो तो तुम्हाला."

ताईनं उगाच ओट्यावरचं फडकं उचललं.

"ओ देत जा त्याला. तुमचा भाऊ तो आहे... मी नाही."