हिरडा की खडा

"मामीचा हात वर जाता जाता थांबला. पाहिलंस ना?" सोनलनं जिनेशला कोपरानं ढोसलं.

जिनेशनं पाहिलं होतं. देवळाच्या खिडकीचे गज धरून दोघं बाहेरून आत बघत होते. आत कारवीच्या वाडीची बैठक भरली होती. सरपंच सावळेराम यांनी नुकतंच विचारलं होतं, की वाडीपर्यंत एसटी यावी असा अर्ज करायचा आहे, ज्यांना हवी असेल त्यांनी हात वर करावेत. सोनीबाईमामीचा हात खांद्यापर्यंत आला आणि मग जणू पदर सावरायलाच निघाला होता असा डोक्याकडे वळला. गंमत म्हणजे त्याच वेळी त्या रांगेतल्या कितीतरी बायकांना पदर सावरावासा वाटला! पुरुषांमधले दोन-तीन हात वर गेले, तेवढेच.

"लोकांना नको दिसतीय," सरपंच म्हणाले. "तरी एक मेच्या ग्रामसभेत पुन्यांदा इचारू. मग हा इषय कायमचा बंद."

सोनल मंचरची. सहावीची परीक्षा संपताच ती डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या या डोंगरातल्या वाडीत मामाकडे आली होती. जिनेश तिच्या शेजारच्या किराणा दुकानदारांचा मुलगा. हट्ट करून तो सोबत आला होता. त्याच्या घरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून मामी त्याला उजेड असतानाच वाढायची, आणि त्याच्या निमित्तानं सगळं घरच लवकर जेवायला लागलं होतं.

त्या संध्याकाळी मात्र मामीची मुलगी मोहिनी जेवायला बसली नाही. वाडीतली शाळा सातवीला संपत होती आणि मोहिनीची सातवी झाली होती. पुढची शाळा घोडेगावला. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच यायची. वाडीतून फाट्यावर जायला दादाभाऊंची एकच जीप. ती माणसांनी गच्च भरली की सुटायची, मग घोडेगावात शाळेची घंटा कधीही होवो. जंगलातून एकटीला पायी पाठवणार नाही, असं मामानं सांगूनच टाकलं होतं.

"मला वाटलं व्हतं, आई तरी हात वर करंल," मोहिनी एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

सोनलला हे कोडं काही केल्या सुटेना. आदल्याच दिवशी रानातून वेचून आणलेला हिरडा अंगणात वाळत घालताना सगळ्या बायका एसटीचंच बोलत होत्या. मग देवळात काय झालं?

सकाळी चौघं तपासाला निघाले. चौथा मोहिनीचा धाकटा भाऊ मोहित. त्यांनी घरोघरी विचारलं. एकीचा म्हणे खांदा दुखत होता. दुसरीला सरपंचांचा प्रश्नच ऐकू आला नव्हता. मामी म्हणाली, पोरांनी मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नये.

"कारणं सगळ्यांची वेगळी," जिनेश विचार करत म्हणाला, "पण हात सगळ्यांचे एकदमच थांबले. म्हणजे सांगतायत ते खरं कारण नाही."

मग त्यांनी एक नामी गोष्ट केली. रिकाम्या देवळात मामी जिथं बसली होती, बरोबर तिथं जाऊन ते बसले. सरपंच कुठं होते, कोण कुठं होतं, ते आठवून पाहिलं. त्या जागेवरून नजर सरळ दाराबाहेरच्या कट्ट्यावर जात होती. आणि बैठकीच्या वेळी त्या कट्ट्यावर कोण बसलं होतं? दादाभाऊ! पाठीमागे त्यांची जीप उभी होती.

"धमकी दिली असणार त्यांनी," मोहित डोळे मोठे करून म्हणाला. "आपण पाळत ठेवू."

जीप दुपारी फाट्याला निघाली तेव्हा मागच्या पोत्यांच्या आडोशाला, ताडपत्रीखाली, सोनल आणि मोहित दडून बसले होते. घाटाच्या वळणावळणाला डोकं पत्र्यावर आपटत होतं. दादाभाऊ मोठ्यानं गाणं म्हणत होते. वाटेत त्यांनी काठी टेकत चाललेल्या एका म्हाताऱ्याला बसवून घेतलं आणि त्याच्याकडून काहीच घेतलं नाही. म्हाताऱ्यानं एसटीचा विषय काढला, तसे ते हसले.

"माझ्या शब्दाभाईर गाव न्हाई, बाबा. एसटी पैल्याच पावसात घाटात रुतून बसंल. लोकांना ठावं हाय ते."

तेवढ्यात पोत्यातल्या भुशानं मोहितला शिंक आली. जीप थांबली, ताडपत्री उचलली गेली. आता काही खरं नाही, असं सोनलला वाटलं. पण दादाभाऊंनी दोघांना पुढे आणून बसवलं, फाट्यावर बर्फाचा गोळा खायला घातला आणि घरी आणून सोडलं. मागच्या पावसाळ्यात गोजरआजीला साप चावला, तेव्हा चिखलातून जीप हाणत यांनीच तिला दवाखान्यात नेलं होतं, हे मोहितनं परतताना सांगितलं. पाळत ठेवायला गेलेल्यांचं कोडं आणखीच अवघड होऊन बसलं. माणूस तर चांगला होता.

कोडं सुटलं ते मोहितच्या गाण्यामुळे.

मोहितला आरतीच्या वेळी सगळ्यांच्या वरचढ आवाजात गायची हौस होती. दुसऱ्या दिवशी अंगणात बायका हिरडा निवडत बसल्या असताना तो गात होता. सोनलनं गमतीनं विचारलं, "मोहितचं गाणं ज्यांना आवडतं त्यांनी हात वर करा." सगळ्यांचे हात वर! मोहित फुशारून गेला. मोहिनी मात्र गालात हसत होती. सोनलच्या ते लक्षात आलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

तिनं घरातून एक मडकं आणलं. प्रत्येकीच्या हातात एक हिरडा आणि एक खडा दिला. गाणं आवडत असेल तर मुठीतून मडक्यात हिरडा टाकायचा, नसेल तर खडा. बायकांना मजा वाटली. मडकं उपडं केलं, तर बाहेर खड्यांचा सडा पडला. हिरडा अवघा एक.

"तो आईचा असणार," मोहित रडवेल्या आवाजात म्हणाला. मग मात्र तोही सगळ्यांबरोबर हसायला लागला.

सोनल हसत नव्हती. या बायकांना मोहितची भीती थोडीच वाटत होती? तो समोर बसला होता आणि त्याचं मन मोडवत नव्हतं. दादाभाऊंनी कुणाला धमकी दिलीच नव्हती. ते नुसते समोर बसले होते. अडीअडचणीला ज्याच्या दारात जायचं, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याविरुद्ध हात कसा वर करायचा?

"म्हणजे हात वर करायची पद्धतच बदलायला हवी," जिनेश म्हणाला.

मग दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. खडा मडक्यात ठणकन वाजतो आणि हिरडा दबका वाजतो, हे मोहितनं डोळे मिटून ओळखून दाखवलं. म्हणून तळाशी भाताचा तूस घातला. मग जिनेशच्या ध्यानात आलं, की मुठीत काय उरलं यावरूनही मत कळतं. तेव्हा उरलेलं टाकायला दुसरं मडकं आलं, आणि दोन्ही मडक्यांपुढे पडदा. मोहितनं एकदा गुपचूप दोन्ही वस्तू पहिल्याच मडक्यात टाकल्या. ते मोजणीत सापडलं, कारण माणसं जितकी तितक्याच वस्तू प्रत्येक मडक्यात निघायला हव्यात.

ग्रामसेविका उज्ज्वलाताई वाडीत आल्या तेव्हा सोनलनं त्यांना गाठलं आणि हातच वर करायचे असं कुणी ठरवलंय, ते विचारलं. उज्ज्वलाताई जरा गोंधळल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तालुक्याला फोन लावला, बराच वेळ बोलल्या आणि म्हणाल्या, "बहुमत हवं, हे नक्की. ते कसं मोजायचं यावर सभेचंच एकमत झालं, तर माझी हरकत नाही. पण ही मागणी इथल्या मतदारानं करायला हवी. तुम्ही अजून मतदार नाही."

मुलं धावत मामीकडे गेली. मामीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मडकं मागाया हुभी राह्यले, म्हंजी कळलंच की गं समद्यांना, मी कुणीकडची ते."

हे मात्र मुलांना सुचलंच नव्हतं. गुप्त मत मागायचं, तर मागणारा उघडा पडत होता. मामा टाळायला लागला, सरपंच बघू म्हणाले. सभा उद्यावर आली. मोहिनीनं तर शाळा संपलीच असं धरून आपली जुनी पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊनही टाकली.

सोनल ओढ्याकाठी एकटीच बसली होती. पलीकडे दादाभाऊ जीप धूत होते. मडकं मागितलं तरी ज्याला कुणीही एसटीच्या बाजूचा म्हणणार नाही, असा वाडीत एकच माणूस होता. ती उठली आणि पाण्यातून चालत पलीकडे गेली.

तिनं काही लपवलं नाही. देवळात काय दिसलं, मोहितच्या गाण्याचं काय झालं, सगळं सांगितलं. दादाभाऊ आधी हसले.

"मला बघून हात खाली घेत्यात? मी काय वाघ हाय व्हय?"

"नाही, दादाभाऊमामा. तुम्ही सगळ्यांना लागता, म्हणून."

दादाभाऊंचं हसू थांबलं. फडकं हातात तसंच राहिलं.

"उद्या तुम्हीच मडकी मागा," सोनल म्हणाली. "गाव तुमच्या बाजूनं असेल, तर मडक्यातूनही तेच निघेल."

"आन् न्हाई निघालं तर?"

"तर तुम्हाला खरं काय ते कळेल."

त्यांनी फडकं पिळलं, बॉनेटवर टाकलं. "निघंलच," ते म्हणाले. पण आवाज त्या दिवशी जीपमध्ये होता इतका मोठा नव्हता.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा भरली. एसटीचा विषय निघाला. सरपंच हात वर करायला सांगणार, तेवढ्यात दादाभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, की या वेळी मडक्यात मतं घ्यावीत, कुणी कुणाचं बघू नये. सभेत चुळबुळ झाली. पण खुद्द दादाभाऊच म्हणतात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कुणाचीच हरकत निघाली नाही. उज्ज्वलाताईंनी तसं लिहून घेतलं.

मामीच्या लुगड्याचा पडदा झाला. जिनेशनं दोन्ही मडकी उपडी करून सगळ्यांना दाखवली, तूस घातला, मडक्यांच्या तोंडाला फडकं बांधून त्याला हात जाईल एवढी चीर ठेवली. एसटी हवी असेल तर पहिल्या मडक्यात हिरडा टाकायचा, नको असेल तर खडा, आणि उरलेलं दुसऱ्या मडक्यात. एकेक जण हिरडा आणि खडा घेऊन आत जायला लागला. मामी आत गेली, तेव्हा सोनल तिच्या हाताकडे बघत होती. पडद्याआड काय झालं ते तिला दिसलं नाही. दिसायचंच नव्हतं. बाहेर येताना मामीनं पदराला हातही लावला नाही.

घोंगडीवर पहिलं मडकं रिकामं केलं. तूस बाजूला सारला. हिरड्यांचा ढीग केवढा तरी मोठा होता. खडे त्याच्या शेजारी अगदीच थोडे दिसत होते. उज्ज्वलाताईंनी सगळ्यांसमोर मोजले, दुसरं मडकंही मोजलं. हिशेब बरोबर जुळला.

दादाभाऊ त्या ढिगाकडे बघत राहिले.

"एकानंबी मला सांगितलं न्हाई," ते हळूच म्हणाले.

मामी उठली. "कसं सांगणार, भाऊ? पोर तापानं फणफणलं की आमी तुमच्याच दारात येतो. तुमी कदी न्हाई म्हणला न्हाई. मग तुमच्या तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?"

दादाभाऊ उठले आणि दाराकडे निघाले. आता हे रागावून जाणार, असं सोनलला वाटलं. हे सगळं आपल्यामुळेच झालं होतं. पण ते उंबऱ्याशी थांबले.

"एसटी आली म्हणून मी जीप इकणार न्हाई," ते मागे वळून म्हणाले. "आजारी माणसासाठी एसटी थोडीच वाट बघत बसती? लिहा मॅडम ठराव. आन् पैली सही माझी घ्या."

सभेनं टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी चारही मुलांना पुढे बोलावलं आणि कबूल केलं, की हात मोजण्यापलीकडे आपण कधी बघितलंच नाही. यापुढे वादाचा विषय आला आणि सभेनं मागितलं, तर मतं मडक्यातच घ्यायची, हेही त्याच सभेत ठरलं. उज्ज्वलाताई म्हणाल्या, की शेजारच्या गावांतही ही युक्ती सांगणार आहे, आणि त्यांनी जिनेशकडून तुसाची भानगड पुन्हा एकदा समजावून घेतली. गोजरआजीनं सोनलच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"हात लई येळा वर केला गं, पोरी," ती म्हणाली. "मत आज दिलं."

अर्ज गेला. आगारातून साहेब येऊन रस्ता बघून गेले. त्यांनी एक वळण रुंद करायला सांगितलं, ते वाडीनं श्रमदानानं केलं. शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि सकाळची एसटी वाडीत येऊन उभी राहिली. तोवर मोहिनीला दादाभाऊ रोज वेळेत फाट्यावर सोडत होते, जीप भरो न भरो.

पंधरा ऑगस्टच्या रात्री मंचरला सोनलच्या घरी मोहिनीचा फोन आला. ग्रामसभेत देवळापुढच्या जागेवरून वाद झाला होता. तिथं मुलांसाठी मैदान करायचं, की गाड्या लावायला जागा ठेवायची? मडकी मागायला सगळ्यांत आधी कोण उभं राहिलं असेल, ते ओळख, असं ती म्हणाली.

"दादाभाऊमामा?"

"तेच! म्हणाले, हात वर करायचा म्हंजी कसं, समोर पोरं बसल्यात."

"मग त्यांनी मत कुठल्या बाजूनं दिलं?" सोनलनं उत्सुकतेनं विचारलं.

"आता ते कसं कळायचं?" मोहिनी हसत म्हणाली. "तूच तर मधी पडदा लावलास."