टॅनरी पुलाची तिसरी तुळई

सात पुलांपैकी जेमतेम दोन बघून झाले होते, तोच एका काकांच्या मोटरसायकलने रस्त्याच्या कडेला मान टाकली. धूर नाही, खडखडाट नाही, नुसती गप्प. सगळ्यांत पुढे असलेली कॉरिनची लुसिल मावशी गाडी वळवून मागे आली, हेल्मेटची काच वर केली आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला. आजारी गाडी आजोबांच्या पिकअपमध्ये चढवा, पिकअपमधली जेवणाची दोन्ही टेबलं टपावर टाका, आणि चला, साडेबाराला जेवायचंय.

कॉरिनने दोऱ्या आवळायला मदत केली. टेबलं उलटी, पाय आभाळाकडे. दोन कासवं पाठीवर पडल्यासारखी दिसत होती, असं विनी म्हणाली आणि तिघंही खो खो हसली. कॉरिन तेरा वर्षांची, तिची मैत्रीण विनी बारा वर्षांची आणि विनीचा भाऊ गस अकराचा. शाळेला सुट्टी लागली की पहिल्या रविवारी गावातल्या बावीस मोटरसायकली जुने छपराचे पूल बघायला निघत. मुलं मागच्या सीटवर, मोठ्यांच्या कंबरेला धरून.

यंदा मात्र कॉरिन कुणाच्या मागे बसली नव्हती. ती पिकअपमध्ये होती, काठीवाली म्हणून.

छपराच्या पुलात उंच गाडी सरळ घालायची नाही, हा तिथला दंडक होता. आधी एकाने मापाची काठी उभी धरून आत चालत जायचं. काठीवर लाल पट्टी असते, वरखाली सरकणारी. सामान भरून झालं की ती पिकअपच्या माथ्याइतकी उंच बसवायची. पट्टी सगळ्या तुळयांखालून न अडकता गेली की हात हलवायचा, मग गाडी. गेल्या वर्षापर्यंत ही कॉरिन उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नसे. या वसंतात वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली आणि धरणाचा दरवाजा उघडावा तशी बोलायला लागली. काठीही तिने मागूनच घेतली होती.

टॅनरी पूल त्यांचा तिसरा. त्याची तिसरी तुळई वयोमानाने खाली वाकलेली. मोटरसायकली धडधडत पलीकडे गेल्या. कॉरिनने काठी उचलली, मिरवणुकीत निशाण धरावं तशी धरून पूल ओलांडला, आणि पलीकडच्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघत झोकात हात हलवला. पिकअप आली. पुलाच्या फळ्या गडगडल्या, मध्येच एक मोठा दणका झाला. पण त्या पुलावर सायकल गेली तरी ढग फुटल्यासारखा आवाज होतो. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

परत येताना तीन वाजले होते, आणि पुलाच्या तोंडाशी नारिंगी अडसर उभा होता.

गावातल्या रस्त्यांचं काम बघणारी नोराताई कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिसरी तुळई मधोमध मोडून लोंबत होती. अडसराच्या अलीकडे लाल ट्रॅक्टर आणि गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला गाडा होता, आणि ट्रॅक्टरवर एल्विनकाका. त्यांचं कुरण या काठाला, गोठा त्या काठाला. पश्चिमेला ढग काळे होत चालले होते.

नोराताईचं म्हणणं असं, की सकाळपासून या पुलावरून मोटरसायकली गेल्या, एक पिकअप आणि काकांच्या दोन खेपा. मोटरसायकलींचं डोकं काही तिथवर पोचत नाही.

"पिकअपचं मी स्वतः मापलं होतं," कॉरिन पुढे होऊन म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि तिला छान वाटलं. "आणि ते बघा वर, तुळयांना गवत अडकलंय. आणखी कोणाचं असणार?"

खरंच अडकलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नोराताईने सुस्कारा टाकला. गवताचे गाडे पुलावरून बंद करा, असं पंचमंडळी दोन वर्षं म्हणतच होती. आता त्यांना थांबवणं कठीण, असं ती म्हणाली. मग चौदा मैलांचा वळसा, प्रत्येक खेपेला, ट्रॅक्टरच्या चालीने.

"मी गठ्ठ्यांचे चार थर रचतो," एल्विनकाका म्हणाले. "चाळीस वर्षं चारच." एवढं बोलून ते ढगांकडे बघत बसले.

मोठी माणसं नकाशा पसरून कोणता वळसा जवळचा यावर भांडायला लागली, तेव्हा तिघं मुलं हळूच अडसराखालून आत सरकली. गस खाली पडलेले लाकडाचे तुकडे चाळू लागला. त्याला तपासाची भारी हौस. घरी हरवलेल्या मोज्याचाही तो पंचनामा करी.

"हिरवं आहे," तो एक ढलपी नाकाशी धरून म्हणाला.

"गवत हिरवंच असतं, पंडित," कॉरिन म्हणाली.

"वाळलेलं?"

विनीने ढलपी घेतली. रंग होता तो, लाकडात दाबला गेलेला. ट्रॅक्टर लाल, गाड्याला तर रंगच नाही. "हिरवं काय गेलं असेल इथून?" ती स्वतःशीच म्हणाली.

कॉरिनला मात्र ठाऊक होतं. मे महिन्यात आजोबांच्या अंगणात दोन टेबलांना हिरवा रंग कुणी दिला होता? तिनेच. ती तशीच पिकअपकडे गेली आणि चाकावर पाय देऊन वर चढली. जेवणानंतर टेबलं पुन्हा तशीच उलटी बांधली होती. एका पायाचं टोक ठेचलं होतं, आतलं लाकूड पांढरंफेक. जेवताना ते टोक हिरवळीत रुतलेलं, मग दिसणार कुणाला?

तिने काठी बघितली. लाल पट्टी सकाळच्याच जागी होती, टेबलं टपावर जायच्या आधीच्या. दोऱ्या तिनेच आवळल्या होत्या. आणि तरी ती तीच काठी मिरवत पुलातून चालत गेली होती.

कानांच्या पाळ्या आधी तापल्या, मग गाल, मग मानेपर्यंत सगळं. माझ्या हातून झालं, यापेक्षाही दुसरी गोष्ट जास्त जाळत होती. एल्विनकाकांकडे बोट पहिल्यांदा तिने दाखवलं होतं, मोठ्या आवाजात, ऐटीत.

आणि आजोबा! गुडघ्यांनी दगा दिल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोटरसायकल विकली. या सहलीत त्यांचं उरलं होतं ते एवढंच, पिकअपचं स्टिअरिंग. पुढच्या वर्षी एखादा तरुण ड्रायव्हर घेऊ या, अशी कुजबुज तिने जेवणाच्या रांगेत ऐकली होती. हे कळलं तर?

मागोमाग आलेल्या विनीला सारं समजलं होतं. ती म्हणाली, की ती काही कुणाला सांगणार नाही.

"मी सांगेन," गस म्हणाला. "पण आधी तू सांग. तोपर्यंत मी थांबतो."

"किती थांबशील?"

त्याने ढगांकडे पाहिलं. "फार नाही."

कॉरिन लुसिल मावशीकडे गेली. मावशीचं बोट नकाशावर होतं. पिकअपचं पुन्हा एकदा माप घेऊ या का, असं कॉरिनने विचारलं, तर मावशी मान वर न करताच म्हणाली की काठी लावली होती ना, झालं तर, उगाच पाल्हाळ लावू नको. नोराताई फोनवर होती. आजोबा गाडीत डोळे मिटून बसले होते. त्यांना उठवायचा तिला धीर झाला नाही.

मग तिला एक युक्ती सुचली. मोठ्यांना आपल्या मनासारखं ऐकायला फार आवडतं, हे तिला स्पर्धेत कळलं होतं.

"गवताचा गाडा मापू या का?" ती घसा मोकळा करून म्हणाली. "म्हणजे काय ते एकदाचं ठरून जाईल."

हे मात्र सगळ्यांना पटलं. नकाशा गुंडाळला गेला. दोघा काकांनी काठी गाड्याला लावून सर्वांत वरच्या गठ्ठ्याइतकी लाल पट्टी बसवली आणि कॉरिन काठी घेऊन पुलात शिरली. मागून सगळी मंडळी. पहिली तुळई, दुसरी. तिसऱ्या तुळईचा भिंतीपाशी उरलेला तुकडा अजून जागेवर होता. पट्टी त्याच्याखालून वीतभर अंतर ठेवून निघून गेली. गठ्ठ्यांतून वर आलेल्या सुट्या काड्याच काय त्या तुळयांना घासत असणार.

मंडळी त्या फटीकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागली.

"आता पिकअप," कॉरिन म्हणाली. आता नाही कोण म्हणणार? तिने स्वतः पट्टी उलट्या टेबलांच्या पायांपर्यंत सरकवली. स्क्रू विनीने आवळला. ती पुन्हा चालत गेली. पहिल्या दोन तुळयांखालून पट्टी कशीबशी सुटली आणि तिसरीच्या तुकड्यावर खाडकन आपटली.

"सकाळी मी पट्टी सरकवलीच नाही," ती म्हणाली. वक्तृत्वाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "टेबलं वर गेलेली मला माहीत होतं. आजोबांनी माझा हात बघून गाडी घातली. आणि एल्विनकाकांचं नाव मी घेतलं, काही न बघता. चूक माझी आहे."

गसने हिरवी ढलपी नोराताईच्या हातात ठेवली.

आजोबा पुलाच्या तोंडाशी उभे होते. ते कधी उतरले, कुणाला कळलं नव्हतं. एकेक फळी सांभाळत ते आत आले आणि खिशातून चाव्या काढल्या. "पोरीने हात हलवला, पण गाडी मी चालवत होतो. माथ्यावर काय आहे ते मला बघायला हवं होतं." त्यांनी चाव्या लुसिल मावशीपुढे धरल्या.

कॉरिनला वाटलं, पुलाची फळी मोडावी आणि आपण सरळ नदीत जावं.

मावशीने हात पाठीमागे घेतले. "ठेवा त्या खिशात, पप्पा. चला चला म्हणून घाई कोणी केली? आणि आत्ता ही विचारायला आली, तेव्हा हिला उडवून कोणी लावलं?" मग ती ट्रॅक्टरपाशी गेली आणि हेल्मेट काखेत धरून एल्विनकाकांची माफी मागितली. तिच्या मागोमाग एकेक जण. कॉरिन सगळ्यांत शेवटी गेली. काकांच्या डोळ्यांकडे बघणं तिला जमलं नाही. ती त्यांच्या बुटांशी बोलली.

नोराताईने नोंदवहीत काकांच्या नावाऐवजी खरी हकीकत लिहिली. पण सुतार येऊन बघेपर्यंत चाकं बंदच राहणार, तिचा नाइलाज होता. पहिला गडगडाट झाला.

"माणसं चालत गेली तर चालेल?" गसने विचारलं.

"माणसांचं काय, थोडी थोडी गेली तर खुशाल जावीत."

"मग गठ्ठेपण जातील."

अर्ध्या तासात टॅनरी पुलात कधी दिसलं नव्हतं असं दृश्य दिसत होतं. चामड्याची जाकिटं घातलेली दांडगी माणसं शिंकत, कुरकुरत, एकमेकांच्या पोटांची टिंगल करत गवताचे गठ्ठे हातोहात पलीकडे देत होती. आजोबा गोठ्याच्या दारात गठ्ठे मोजत होते. कॉरिनने जाकीट काढलं होतं. गवताने हात कोपरापर्यंत ओरबाडले तरी तिने ते परत घातलं नाही. नोराताई जाता जाता म्हणाली, की तुम्ही तिघांनी आज माझं काम केलंत, आणि चांगलं केलंत. विनी आणि गस फुलून गेले. कॉरिनने मान खाली घातली आणि पुढचा गठ्ठा घेतला.

शेवटचा गठ्ठा आत पडला आणि पाऊस कोसळला. एल्विनकाकांनी बरणीतून आलं, व्हिनेगर आणि मेपलच्या पाकाचं गार पाणी फिरवलं. सगळ्यांना देऊन झाल्यावर ते कॉरिनपाशी येऊन थांबले. ती उभी राहिली. आता काय ते बोलतील, बोलू देत.

"वरच्या कुरणात अजून तीन खेपा आहेत," ते म्हणाले. "ऊन पडलं की बुधवारी. सातला ये. हातमोजे आण."

ते निघून गेल्यावर विनी पुटपुटली, की एरवी हे काका सख्ख्या भावालाही गवताला हात लावू देत नाहीत.

कॉरिनचे कान अजून तापलेलेच होते. तिने पेला दोन्ही हातांत धरला आणि आजोबांना विचारलं, बुधवारी पावणेसातला कोण सोडेल मला?

"मीच की," आजोबा म्हणाले.