सूर्यशिळेला मारलेली मिठी

मायरा फोटोसाठी एकेक पाऊल मागे सरकत होती आणि एक तरुण वर बघत पुढे येत होता... मग व्हायचं तेच झालं. धाडकन टक्कर झाली, आणि संग्रहालयाच्या चौकातल्या त्या भल्यामोठ्या छतावरून कोसळणाऱ्या पाण्यात दोघंही चिंब.

"माफ करा, चूक माझीच."

"अर्थात तुमचीच," ती म्हणाली, पण हसू काही आवरेना.

मेक्सिको सिटीतला रविवार, चौकभर पोरांचा नुसता धुडगूस. कपडे वाळेपर्यंत उन्हात बसू म्हणता म्हणता अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, कळलंच नाही. त्याचं नाव एफ्राइन. गाव पापान्त्ला. चुलतभावाच्या लग्नाला आलेला, संध्याकाळच्या बसने परत जाणार. मायरा मात्र राजधानीतच वाढलेली. दर रविवारी बाबा तिला इथे आणायचे, गृहपाठासाठी वस्तूंखालच्या माहितीच्या पाट्या उतरवून घ्यायला लावायचे, आणि बाहेर पडलं की चिंचेचा बर्फगोळा. बाबा गेल्यानंतर मन जडलेल्या दोघांना तिने मोठ्या हौसेने इथे आणून पाहिलं होतं. एकाने जांभया दिल्या, दुसऱ्याने फोनमध्ये डोकं खुपसलं. तिने दोघांनाही नारळ दिला.

एफ्राइन वेगळाच निघाला. तोही म्हणे लहानपणी वडिलांबरोबर इथे आला होता, याच पाण्याखालून पळाला होता, ओरडाही खाल्ला होता. मायराला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं. हाच तो – मनात येऊनही गेलं बाई.

"सूर्यशिळा आठवते?" तिने विचारलं.

"न आठवायला काय झालं? मिठी मारली होती मी तिला. दोन्ही हात पुरले होते."

मायरा उठली. ती त्याला थेट शिळेच्या दालनात घेऊन गेली. समोर ती अ‍ॅझ्टेकांची गोल, कोरीव शिळा – दोन माणसांहून उंच. एफ्राइन जागीच खिळला.

"मार ना मिठी," ती म्हणाली. "बघू तरी हात कसे पुरतात."

त्याचे कान लालबुंद झाले. मग त्याने सगळं सांगून टाकलं. इथे तो आज पहिल्यांदाच आला होता; शाळेची सहल आली तेव्हा त्याला कांजिण्या झालेल्या. परतल्यावर पोरांनी महिनाभर हेच पुराण लावलं, आणि त्याच्या वाट्याला काय, तर वह्यांच्या दुकानात मिळणारा चित्रांचा कागद. त्यातली तळहाताएवढी शिळा कातरून वहीत चिकटवायची. सांगून सांगून दुसऱ्यांच्या आठवणी त्याच्याच होऊन बसल्या.

"तू बाबांबद्दल इतकं भरभरून बोलत होतीस, म्हणून माझेही वडील त्यात घुसडले... वाटलं, खरं सांगितलं तर उठून जाशील."

राग आला तिला, चांगलाच आला. निघून जायला ती वळलीसुद्धा. पण हा पठ्ठ्या बोलता बोलता पुन्हा शिळेकडेच बघायला लागला होता. डोळे विस्फारलेले, पाण्याने भरलेले, ओठ अर्धवट उघडे... तिने आणलेल्यांपैकी कुणी असं पाहिलं होतं? राग कुठल्या कुठे पळाला.

"बस सोडून दे," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि सगळं बघ. आज, परवा, पुढच्या रविवारी... मी दाखवते." तिने त्याचा हात घट्ट धरला. "गावातल्यांना लहानपणीच इथे येऊन गेलो होतो असं सांग, माझी हरकत नाही. फक्त बरोबर कोण होतं असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगायचं."